नव्वद केसपेपर : कॅन्ससमधील एक दशकाचा वाद आणि अल्पवयीन मुलींची गोपनीयता

१. मागच्या वर्षी आमच्या पदव्युत्तर वर्गात पॉक्सो कायद्यावर चर्चा चालू असताना एका मित्राने विचारले, "अल्पवयीन गर्भवती मुलगी दवाखान्यात आली, म्हणजे गुन्हा घडला हे उघड आहे. मग डॉक्टरने तिचे नाव पोलिसांपासून का लपवायचे?" प्रश्न सरळ होता आणि हेतू चांगला होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचताना ध्यानात आले की हाच प्रश्न अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००३ पासून दहा वर्षे न्यायालयांत गाजला. आजचा थ्रेड त्या वादाविषयी.

२. आधी थोडी पार्श्वभूमी. १९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' निकालाने अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळाले. १९७७ मध्ये 'व्हेलन विरुद्ध रो' या खटल्यात निराळाच प्रश्न आला. काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या रुग्णांची नावे न्यूयॉर्क राज्य संगणकात साठवत होते. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, कारण माहिती फुटू नये यासाठी त्यात पुरेशी तजवीज होती. मात्र आपली खासगी माहिती उघड होऊ नये, यात व्यक्तीचे हित गुंतलेले असते, हेही न्यायालयाने नोंदवले. १९७९ च्या 'बेलोटी विरुद्ध बेअर्ड' निकालाने अल्पवयीन मुलींसाठी एक वाट ठेवली. गर्भपातासाठी पालकांची संमती सक्तीची करणाऱ्या राज्याने मुलीला थेट न्यायाधीशाकडे जाण्याचा पर्याय दिला पाहिजे, आणि तोही तिची ओळख गुप्त ठेवून.

३. याच काळात दुसरा, तितकाच महत्त्वाचा प्रवाह आकार घेत होता. १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातच मारहाण होणाऱ्या मुलांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोवर अशा जखमांकडे डॉक्टरही 'अपघात' म्हणून पाहत. त्या निबंधानंतर अवघ्या काही वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी कायदे केले : मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजे. मौन पाळणाऱ्या घरांतून मुलांना बाहेर काढण्याचे मोठे काम या कायद्यांनी केले, हे विसरून चालणार नाही.

४. हे दोन प्रवाह कॅन्ससमध्ये एकमेकांवर आदळले. तेथे संमतीचे वय १६ होते. लैंगिक अत्याचारामुळे मुलाला 'इजा' झाल्याचा संशय घेण्यास कारण असेल, तर डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, समुपदेशक यांनी कळवावे, असा कायदा होता. सारे भांडण 'इजा' या एका शब्दाभोवती फिरले. १९९२ मध्ये राज्याच्या तत्कालीन अॅटर्नी जनरलने मत दिले होते की अविवाहित अल्पवयीन मुलगी गर्भवती आहे, एवढ्यावरून इजा गृहीत धरता येत नाही. प्रत्येक प्रसंग पाहून डॉक्टरने ठरवावे. अॅटर्नी जनरल म्हणजे राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी. कॅन्ससमध्ये तो निवडणुकीने निवडला जातो, ही बाब पुढे महत्त्वाची ठरेल.

५. जानेवारी २००३ मध्ये फिल क्लाइन या पदावर आले. ते गर्भपाताचे उघड विरोधक होते. १८ जून २००३ रोजी त्यांनी नवे मत प्रसिद्ध केले : १६ वर्षांखालील मुलीचा लैंगिक संबंध मुळातच इजाकारक असतो, म्हणून तिचे गर्भारपण हाच संशयाचा पुरावा, आणि ते कळवणे बंधनकारक. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पण त्याचा अर्थ असा होता की डॉक्टरने मुलीशी बोलून, परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची जागाच उरली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला सावत्र बापाने छळले असो, किंवा तिचे वर्गातल्या मुलावर प्रेम असो, सरकारी दप्तरात दोन्ही नोंदी सारख्याच होणार होत्या.

६. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि लैंगिक शिक्षण देणारे व्यावसायिक एकत्र येऊन संघीय न्यायालयात गेले. हा खटला 'एड फॉर विमेन विरुद्ध फाउल्स्टन' म्हणून ओळखला जातो. त्यांचा युक्तिवाद असा : हे मत लागू झाले तर मुली दवाखान्यात येणेच थांबवतील. गर्भपात ही त्यातील एक बाब झाली. गर्भनिरोधक, गुप्तरोगांवरील उपचार, गर्भारपणातील तपासणी हे सारे त्या टाळतील. सुनावणीत हेही पुढे आले की साधारण एकाच वयाच्या मुलामुलींच्या संमतीच्या संबंधांची चौकशी राज्याची बालसंरक्षण यंत्रणा एरवी करतच नसे. म्हणजे ज्या नोंदींवर पुढे काहीच व्हायचे नव्हते, त्या गोळा करण्यासाठी मुलींच्या विश्वासाची किंमत मोजली जाणार होती.

७. एप्रिल २००६ मध्ये न्यायाधीश जे. थॉमस मार्टन यांनी क्लाइन यांच्या मताची अंमलबजावणी रोखली. कायद्याचे शब्द डॉक्टरला विवेक वापरू देतात आणि अल्पवयीनांनाही आपल्या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे, असे त्यांनी म्हटले. इतिहास सांगताना पुढचा भागही सांगायला हवा : विधिमंडळाने मूळ कायदाच बदलून नव्याने मांडला, त्यामुळे वाद निरर्थक ठरून वरच्या न्यायालयाने २००७ मध्ये हा निकाल बाजूला सारला. विजय झाला, पण पूर्वाधार म्हणून तो टिकला नाही.

८. दरम्यान दुसरी, अधिक आक्रमक चौकशी सुरू झाली होती. कॅन्ससच्या कायद्यात सरकारी वकिलाने न्यायाधीशाच्या देखरेखीखाली करायच्या गुप्त तपासाला 'इन्क्विझिशन' असे नाव आहे. युरोपचा मध्ययुग शिकलेल्यांना हा शब्द दचकवणारा वाटेल. तेथे मात्र तो रोजच्या कामकाजातला होता. २००४ मध्ये क्लाइन यांच्या मागणीवरून टोपिकाचे जिल्हा न्यायाधीश रिचर्ड अँडरसन यांनी दोन दवाखान्यांना आदेश दिला : ९० रुग्णांचे संपूर्ण केसपेपर, नावांसह, हजर करा. या ९० मध्ये अल्पवयीन मुली होत्या, तशा प्रौढ स्त्रियाही होत्या. आपले कागद मागवले गेले आहेत, हे त्यांना कळवण्याचीही दवाखान्यांना मुभा नव्हती.

९. दवाखाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण २००५ मध्ये लोकांसमोर आल्यावर क्लाइन यांनी सांगितले की आपण बालबलात्काराचा तपास करत आहोत. त्यावर कोण आक्षेप घेणार? हीच या वादातली खरी अडचण होती. ३ फेब्रुवारी २००६ रोजी 'अल्फा मेडिकल क्लिनिक विरुद्ध अँडरसन' हा निकाल आला. न्यायालयाने तपास थांबवला नाही. त्याला शिस्त लावली. माहितीची गोपनीयता, डॉक्टर व रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते आणि कायदेशीर गर्भपात, असे रुग्णांचे तीन हक्क पणाला लागले आहेत, असे त्याने नोंदवले. मागणीला आधार आहे का, हे न्यायाधीशाने आधी तपासावे. असेल, तर ओळख पटवणारा मजकूर झाकावा. मग वकील आणि डॉक्टर यांनी कागद पाहून त्यातील अनावश्यक भाग वगळावा. त्यानंतरच ते सरकारी वकिलाच्या हाती पडावेत.

१०. नावे झाकलेले केसपेपर २००६ च्या उत्तरार्धात क्लाइन यांच्याकडे आले. नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक हरले. २१ डिसेंबरला, पद सोडण्यास तीन आठवडे उरले असताना, त्यांनी विचिटाचे डॉक्टर जॉर्ज टिलर यांच्यावर ३० आरोप दाखल केले. ते अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दुसऱ्याच दिवशी फेटाळले गेले. आरोप होते उशिराच्या गर्भपातांचे आणि त्यांच्या सरकारी नोंदींचे. ज्या बालबलात्काऱ्यांच्या नावाने केसपेपर मागवले होते, ते या आरोपपत्रात कोठेच नव्हते.

११. त्या कागदांचे पुढे काय झाले? क्लाइन एका जिल्ह्याचे सरकारी वकील झाले आणि प्रती सोबत घेऊन गेले. काही काळ हे केसपेपर एका तपास अधिकाऱ्याच्या राहत्या घरी पडून होते. आपल्याला प्रौढ रुग्णांची नावे नकोत, असे न्यायालयाला सांगितले गेले होते. प्रत्यक्षात त्यांच्या कार्यालयाने हॉटेलच्या नोंदी ताडून ती शोधण्याचा प्रयत्न केला होता. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रती परत करण्याचा आदेश दिला. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी, व्यावसायिक आचारसंहितेच्या ११ उल्लंघनांसाठी, त्याच न्यायालयाने क्लाइन यांची वकिलीची सनद अनिश्चित काळासाठी निलंबित केली. दुसऱ्या दवाखान्यावर त्यांनी २००७ मध्ये ठेवलेले १०७ आरोपही २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्याने रद्द किंवा मागे घेतले गेले.

१२. डॉ. टिलर यांच्यावर पुढच्या अॅटर्नी जनरलने १९ वेगळे आरोप ठेवले. मार्च २००९ मध्ये ज्यूरीने तासाभराच्या आत त्यांना निर्दोष ठरवले. ३१ मे २००९ रोजी, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, एका गर्भपातविरोधकाने त्यांच्याच चर्चमध्ये गोळी घालून त्यांची हत्या केली. हत्येचे खापर कोणा सरकारी वकिलावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण ज्या दवाखान्याभोवती असे वातावरण होते, त्याच्या रुग्णांची नावे उघड होणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून येते.

१३. आता क्लाइन यांच्या बाजूचा प्रामाणिक विचार करू. दहा-बारा वर्षांची मुलगी गर्भवती असेल, तर कोणीतरी गुन्हा केला आहे, यात शंका नाही. दवाखाना गप्प राहिला तर ती पुन्हा त्याच घरात परत जाते. म्हणून खबर देण्याचे बंधन आवश्यकच आहे, आणि वरील कोणत्याही न्यायालयाने ते नाकारलेले नाही. वाद होता तो सरसकटपणाचा. विशिष्ट मुलीविषयी विशिष्ट संशय असणे वेगळे, आणि एका दवाखान्यात आलेल्या सगळ्यांचे कागद आधी उचलून नंतर त्यांत गुन्हा शोधणे वेगळे. पहिल्यात मुलगी केंद्रस्थानी असते. दुसऱ्यात ती पुराव्याचे कपाट होते.

१४. हा प्रश्न आपल्याकडेही आहे, किंबहुना अधिक तीव्र आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्याने अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती आवश्यक ठरवली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय १८ केले आणि कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे सर्वांनाच बंधनकारक केले. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी स्वेच्छेच्या संबंधातून गर्भवती झाली, तरी डॉक्टरसमोर पोलीस ठाणे उभे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. चंद्रचूड, बोपण्णा, पारडीवाला) यातून मार्ग काढला : डॉक्टरने खबर द्यावी, पण मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिचे नाव व ओळख सांगण्याची गरज नाही. कारणही दिले : पोलिसांची भीती असेल तर मुलगी अप्रशिक्षित माणसाकडे जाईल. या निकालानंतरही नाव न सांगता उपचार करण्यासाठी डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आहे.

१५. योगायोग असा की त्याच वर्षी, २४ जून २०२२ रोजी, अमेरिकेत 'रो' निकाल रद्द झाला. कॅन्ससच्या न्यायालयाने नोंदवलेल्या तीन हक्कांपैकी तिसऱ्याचा संघीय आधार त्यामुळे गेला. तथापि २ ऑगस्टला कॅन्ससच्या मतदारांनी राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकणारी दुरुस्ती मोठ्या फरकाने नाकारली. केसपेपर कोणी पाहायचे, हा प्रश्न तेथे आजही मिटलेला नाही.

१६. आपल्या वाचकांना यात एक जुनी ओळखीची गोष्ट दिसेल. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी दिलेले पहिले आश्वासन गुप्ततेचे होते. त्या काळी अशा स्त्रीसाठी सरकारकडे भ्रूणहत्येचा खटला होता आणि समाजाकडे बहिष्कार. गुप्ततेची हमी नसती, तर त्या दारापाशी कोणी आलेच नसते; आणि जी आली नसती, तिला वाचवताही आले नसते.

१७. मित्राला आता माझे उत्तर असे आहे : डॉक्टर गुन्हा लपवत नाही, तो मुलीला दवाखान्यापर्यंत येणारी वाट मोकळी ठेवतो. ती वाट बंद झाली, तर गुन्ह्याची खबर देणाराही कोणी उरत नाही. कॅन्ससच्या ९० केसपेपरांचा इतिहास मला तरी एवढे शिकवतो. आपले मत वेगळे असेल तर जरूर लिहा. फक्त एक विनंती, चर्चेत कोणत्याही पीडित मुलीची ओळख कळेल असा तपशील देऊ नये.