काला आम

हरियाणातील पानिपत शहराबाहेर सुमारे ८ किमी.वर असलेले स्मारकस्थळ. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (बुधवार, १४ जानेवारी १७६१; पौष शुद्ध ८, शके १६८२) पडलेल्या मराठ्यांचे हे स्मारक. दरवर्षी १४ जानेवारीला शौर्यदिनानिमित्त महाराष्ट्रातून आणि हरियाणातील गावांतून लोक गटागटाने येथे येतात.

नाव व वास्तू : येथील आंब्याचे झाड रणात सांडलेल्या रक्ताने काळवंडले, अशी स्थानिक परंपरा आहे. मूळ झाड आता नाही. त्या जागी विटांचा स्तंभ व भोवती लोखंडी कुंपण आहे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ येथेच लढत होते असे सांगतात. प्रत्यक्ष रणभूमी मात्र कित्येक मैल पसरलेली होती.

कोंडी : पानिपतचा संहार केवळ एका दिवसाचा नव्हता. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती धान्य लागले. पण त्याच महिन्यात अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट अडवली. छावणीत लढवय्यांखेरीज यात्रेकरू, कुटुंबकबिले, व्यापारी व नोकरचाकर होते. या सर्वांना पोसायचे होते. अब्दालीस रोहिला सरदार नजीबखानाकडून दुआबातली रसद मिळत राहिली. ती तोडण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात अब्दालीकडील अताईखानाच्या छाप्यात मारले गेले आणि दुआबाकडून मदतीची आशा मावळली. जनावरे चाऱ्याविना मेली. रात्री लाकूडफाटा व वैरण आणायला बाहेर पडलेले लोक शत्रूच्या गस्तीच्या हाती सापडून कापले गेले. अखेरीस उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा आग्रह सरदार व शिपायांनीच भाऊंकडे धरल्याचे शत्रूच्या गोटात असलेला काशीराज पंडित सांगतो.

लढाई : मराठ्यांकडील इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व पलटणी सकाळी प्रभावी ठरल्या. दुपारनंतर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांची फळी फुटली.

जीवितहानी : आकड्यांबाबत एकमत नाही. दुसऱ्या दिवशी झालेल्या कैद्यांच्या कत्तलीत सुमारे ४० हजार मारले गेले, असे काशीराज म्हणतो. हा आकडा मुख्यतः त्याच्या वृत्तांतावर आधारलेला आहे. मृतांत बिनलढाऊ माणसे किती, याची नोंद झाली नाही. स्त्रिया व मुले गुलाम म्हणून नेली गेली. जीव वाचवून परतणाऱ्यांना सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र व आसरा दिला.

साधने : काशीराज हा अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण. भाऊ व शुजा यांच्यातील बोलणी त्याच्यामार्फत चालत. लढाईच्या पहाटे भाऊंची शेवटची चिठ्ठीही त्याच्याकडेच आली. त्याचा फार्सी वृत्तांत लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेला असूनही त्याचे मोल मोठे आहे, कारण शत्रूच्या गोटात राहून त्याने दोन्ही बाजू पाहिल्या. नाना फडणीस स्वतः रणातून वाचले व त्यांनी आत्मचरित्रात हे प्रसंग नोंदवले. भाऊसाहेबांची बखर रसाळ असली, तरी तपशिलांसाठी ती पडताळूनच वापरावी. त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

रोड मराठा : हरियाणातील रोड समाजातील अनेक जण स्वतःला पानिपतातून वाचलेल्यांचे वंशज मानतात व शौर्यदिनाला मोठ्या संख्येने येतात. हा संबंध वादग्रस्त आहे.

समूहभेटी : १४ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस येथे उपस्थित होते. सहलीचे गट बहुधा स्तंभाला अभिवादन करून परततात. गटप्रमुखाने कोंडीच्या महिन्यांचा वृत्तांत जागेवरच सांगावा, हे अगत्याचे आहे. सेनापतींची नावे सर्वांना ठाऊक असतात, पण फौजेमागे उपाशी राहून मेलेल्या यात्रेकरूंना व नोकरचाकरांना त्या अभिवादनात स्थान मिळण्याचा दुसरा मार्ग नाही.