एका मिठाचीं तीन अपत्यें

घरांतील मोरीपाशीं तीन वस्तू बहुधा शेजारीं शेजारीं ठेवलेल्या आढळतात: धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे डाग काढण्याचें ॲसिड. तिन्हींचें काम स्वच्छतेचें, म्हणून तिन्ही एकाच गुणाच्या समजल्या जातात. वस्तुतः त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. सोडा हा क्षार. तो तेलकट मळ सोडवितो. ॲसिड पाण्यामुळें सांचलेला चुन्याचा थर विरघळवितें. ब्लीचिंग पावडर मळ काढीत नाहीं. ती रंग घालविते व रोगजंतू मारते. आणि तरीहि या तिघांचें कूळ एकच, तें म्हणजे साधें मीठ.

अठराव्या शतकांत युरोपांत समुद्रकांठच्या झुडुपांच्या राखेंतून सोडा मिळवीत. कापड पांढरें करण्यासाठीं तें कित्येक आठवडे कुरणावर उन्हांत पसरावें लागे. १७७४ सालीं शेले या स्वीडिश रसायनज्ञानें मिठाच्या ॲसिडांतून क्लोरीन वायु वेगळा केला. बर्थोले यानें त्याचा विरंजनाचा गुण दाखविला, आणि १७९९ सालीं ग्लासगोच्या टेनंट यानें तो विरलेल्या चुन्यांत बांधून ब्लीचिंग पावडरचें पेटंट घेतलें.

इकडे १७९१ सालीं लब्लां या फ्रेंच शस्त्रवैद्यानें मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याचा कारखाना सरकारजमा झाला, आणि विपन्नावस्थेंत १८०६ सालीं त्यानें आत्महत्या केली. त्याच्या कृतीनें मात्र इंग्लंडांत मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या ॲसिडच्या वाफांनीं झाडें व पिकें करपूं लागलीं. अखेर १८६३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्या वाफांपैकीं शेंकडा ९५ भाग अडविणें सक्तीचें केलें. असें अडविलेलें ॲसिडच पुढें क्लोरीन काढण्याच्या कामीं आलें.

सॉल्व्हे याच्या कृतीनें व विजेनें ही रीत कालांतरानें मागें टाकली; पदार्थांचे स्वभाव मात्र बदलले नाहींत. एका औषधापेक्षां दोन बरीं, असें मानून कोणी ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओततें, तेव्हां चुन्यांत बांधलेला क्लोरीन मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें सैनिकांवर सोडण्यांत आला, तो हाच वायु. बंद न्हाणीघरांत त्याचा थोडासा अंशहि श्वास कोंडण्यास पुरतो. ज्या भावंडांना रसायनशास्त्रानें एवढ्या खटाटोपानें विभक्त केलें, त्यांना एका बादलींत पुन्हां एकत्र आणूं नये, हेंच शहाणपणाचें.