दिनविशेष : ८ ऑक्टोबर १९५६

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराला लागून असलेल्या एडाइना या उपनगरात आजच्या दिवशी ‘साउथडेल सेंटर’ खुले झाले. चहूबाजूंनी बंद आणि पूर्ण वातानुकूलित असा हा जगातला पहिला आधुनिक मॉल मानला जातो. मिनेसोटात हिवाळा हाडे गोठवतो आणि उन्हाळाही सुखाचा नसतो. त्यामुळे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांनी दुकानांची तोंडे आत वळवली, मधोमध छताखाली चौक केला आणि बारमाही सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमान राखण्याची सोय केली. चौकात झाडे होती, पक्ष्यांचा भलामोठा पिंजराही होता.

प्रकल्प डेटन कुटुंबाचा. त्यांनी स्वतःच्या ‘डेटन्स’बरोबर प्रतिस्पर्धी ‘डोनाल्डसन्स’लाही त्याच छताखाली जागा दिली. व्यापारी हिशेब पक्का होता : दोन मोठी दुकाने गिऱ्हाईक खेचतील, मधल्या छोट्यांचेही भागेल.

नाझींमुळे १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून आलेल्या ग्रुएन यांना खरे तर भोवती घरे, शाळा, दवाखाने असलेले छोटे शहरच हवे होते. प्रत्यक्षात भोवती पसरले वाहनतळ. पुढे तेच मॉलचे कडवे टीकाकार बनले, आणि ते रास्तच होते. डोनाल्डसन्सचे नाव १९८७ मध्ये पुसले गेले. डेटन्सच्या पाट्या आधी ‘मार्शल फील्ड्स’ आणि २००६ मध्ये ‘मेसीज’ झाल्या. डेटन कंपनीनेच १९६२ मध्ये सुरू केलेली स्वस्त मालाची ‘टार्गेट’ दुकाने मात्र आज देशभर आहेत.