सातबाऱ्याच्या पडद्यामागे

कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यालाही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता संगणकावर मिळतो. राज्यात ही सुविधा १ मे २०१८ रोजी सुरू झाली. अशी संकेतस्थळे पडद्यामागे सर्व्हरशी ज्या ठरीव पद्धतीने देवाणघेवाण करतात, तिला 'एपीआय' म्हणतात.

ती तपासण्यासाठी संगणकावरील ब्राउझरमध्ये 'एफ १२' कळ दाबून 'नेटवर्क' विभाग उघडावा व पान पुन्हा लोड करावे. 'फेच/एक्सएचआर' हा गट निवडल्यास चित्रे वगळून मुख्यतः अशा मागण्या उरतात. पत्त्यावरून त्या संकेतस्थळाच्या की बाहेरच्या, हे ठरवावे. मग नकाशा, ओळख पडताळणी, पैसे भरणे अशी कामानुसार वर्गवारी करावी. मोबाइल क्रमांक कोठे जातो, हे त्यावरून कळू शकते. मात्र सर्व्हरांमधील आपसातील देवाणघेवाण येथे दिसत नाही.