निनावी वाटेवरची नावानिशी ठाणी

१९९३ साली हेलसिंकीत योहान हेलसिंगियस यांनी एका संगणकावर एक साधी सोय सुरू केली. त्या यंत्राकडे ई-मेल पाठवली की ते पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता काढून टाकायचं, त्याजागी एक क्रमांक घालायचं आणि मेल पुढे रवाना करायचं. उत्तर आलं की क्रमांकावरून खरा पत्ता शोधून ते ज्याचं त्याला पोचतं व्हायचं. लाखो लोकांनी ही सोय वापरली. तिच्यातला कच्चा दुवा मात्र पहिल्या दिवसापासून उघड होता: कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी त्याच एका यंत्रावर होती. १९९५ साली चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून पोलिस आले आणि एका वापरकर्त्याचा पत्ता हेलसिंगियस यांना द्यावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने पुन्हा तसाच आदेश दिला, तेव्हा ऑगस्ट १९९६मध्ये त्यांनी ती सेवाच बंद केली. त्यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती, पण सचोटी इथे पुरेशी नव्हती. ज्याच्यापाशी यादी आहे त्याच्याकडे ती मागता येते, आणि कायद्याच्या जोरावर मिळवताही येते.

यावरचा उपाय कागदावर आधीपासून होता. डेव्हिड चॉम यांनी १९८१ सालीच दाखवून दिलं होतं की संदेशाभोवती गुप्तलेखनाचे एकावर एक थर चढवले आणि तो अनेक यंत्रांतून फिरवला, तर मधल्या कोणाही एकाला पूर्ण वाट कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हरसन यांनी हीच कल्पना थेट चालणाऱ्या इंटरनेट जोडणीला लावली. पण तिथे एक पेच उभा राहिला. नौदलाचं जाळं फक्त नौदलच वापरत असेल, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरतो. लपायचं तर गर्दी हवी, आणि गर्दीने विश्वास ठेवायचा तर यंत्रं एकाच मालकाची असून चालत नाहीत. सायव्हरसन, रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी बांधलेलं टॉर हे जाळं २००२ साली चालू झालं, २००३च्या ऑक्टोबरात त्याचा कोड खुला झाला, आणि त्या वर्षअखेर स्वयंसेवकांची डझनभर यंत्रं त्यात होती, बहुतेक अमेरिकेतली. आज ती हजारोंच्या घरात आहेत. या यंत्रांना रिले म्हणतात. जोडणी सहसा तीन रिलेंतून जाते: पहिल्याला माणूस कोण ते दिसतं पण तो कुठे चालला ते दिसत नाही, शेवटच्याला ठिकाण दिसतं पण माणूस दिसत नाही, मधल्याला दोन्ही नाही.

या वीसेक वर्षांत रिले चालवणाऱ्यांची एक रीत घडली, आणि ती नीट पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. वापरणाऱ्याचं नाव झाकण्याचं काम ज्यांनी पत्करलं, ते स्वतः उजेडात उभे राहिले तेव्हाच सुरक्षित राहिले. त्यांचं बळ दोन गोष्टींत होतं: हाती कोणाचीही यादी नाही, आणि आपण कोण, काय चालवतो हे सगळ्यांना ठाऊक. हेलसिंकीच्या सेवेत याच्या उलट मांडणी होती. चालवणाऱ्याच्या कपाटातच सगळ्यांचं गुपित होतं.

लिनक्सवर रिले उभारताना जी कॉन्फिगरेशन फाइल लिहावी लागते, तिच्या ओळीओळीत हा इतिहास साठला आहे. डेबियनवर टॉर पॅकेजमधून बसवलं की ते रूट म्हणून चालत नाही. त्याच्यासाठी वेगळा, हक्क कमी असलेला वापरकर्ता तयार होतो. म्हणजे टॉरमध्ये भोक सापडलं तरी सगळं यंत्र हातचं जात नाही. फाइलमध्ये रिलेचं टोपणनाव, पोर्ट, बँडविड्थची मर्यादा, महिन्याला किती डेटा वाहायचा याचा आकडा आणि संपर्काचा पत्ता लिहितात. सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो तो एक्झिट, म्हणजे वाटेवरचा शेवटचा रिले, व्हायचं की नाही हा. शेवटच्या रिलेतून बाहेर पडणारी प्रत्येक विनंती जगाला त्या रिलेच्याच आयपी पत्त्यावरून आलेली दिसते, त्यामुळे दुसऱ्याच्या करणीची तक्रार रिलेवाल्याच्या दारात येते. २००६ साली जर्मनीत तपासयंत्रणांनी एक्झिट सर्व्हर जप्त केले ते याच कारणाने. अशा अनुभवांतून नियम घट्ट होत गेले. स्पॅम वाहू नये म्हणून पोर्ट २५ मूळ धोरणातच बंद आहे. २०१० साली माइक पेरी यांनी एक्झिट चालवताना त्रास कमी कसा होईल याचा जो सल्ला लिहिला, तो आजही पाळला जातो: आयपी पत्ता स्वतंत्र घ्या, त्याच्या रिव्हर्स डीएनएस नावातच ‘टॉर एक्झिट’ असं दिसू द्या, त्या पत्त्यावर ब्राउझर नेणाऱ्याला हे काय आहे ते सांगणारं पान ठेवा, होस्टिंग कंपनीला आधी कल्पना द्या. एक्झिट घरच्या जोडणीवर चालवू नका, हा इशाराही तेव्हापासून रूढ आहे. आणि २०१९च्या सुरुवातीला स्थिर झालेल्या ०.३.५ आवृत्तीपासून रिले आपोआप एक्झिट होत नाही. तसं मुद्दाम लिहावं लागतं. नवख्याने नकळत अंगावर घेऊ नये असा धोका आहे, हे टॉर प्रकल्पाला उमगायला इतकी वर्षं जावी लागली, ही मला या इतिहासातली खरी चूक वाटते.

उघडपणाने खरंच संरक्षण मिळतं का? अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या लेबनन गावी किल्टन सार्वजनिक ग्रंथालयाने २०१५च्या जुलैत रिले सुरू केला. तोही एक्झिट नव्हे, साधा मधला. त्याची बातमी गृहसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्याने स्थानिक पोलिसांपर्यंत पोचवली, पोलिसांनी ग्रंथालयाशी बैठक घेतली आणि रिले बंद झाला. पण ग्रंथालयाने तो लपूनछपून लावलेला नसल्यामुळे प्रश्न विश्वस्तांच्या जाहीर सभेत आला. १५ सप्टेंबरच्या त्या सभेत गावकरी रिलेच्या बाजूने बोलले आणि विश्वस्तांनी तो पुन्हा सुरू ठेवायचं ठरवलं. वाचकाने कोणतं पुस्तक नेलं हे सांगायला नकार देण्याची ग्रंथपालांची जुनी परंपरा इथे कामी आली. रशियात चित्र वेगळं होतं. मॉस्कोतले गणिताचे शिक्षक द्मित्री बोगातोव यांना एप्रिल २०१७मध्ये अटक झाली, कारण जमावाला चिथावणारा मजकूर त्यांच्या एक्झिटवरून गेला होता. ते काही महिने कोठडीत, मग नजरकैदेत राहिले. आरोप मागे घेतले गेले ते २०१८ साली. या उदाहरणावरून कोणी म्हणेल की उजेडात राहून त्यांना काय मिळालं? आक्षेप रास्त आहे. जिथे तपासयंत्रणेला फक्त एक आरोपी हवा असतो, तिथे ही रीत ढाल होत नाही. पण त्यांचा पत्ता टॉरच्या रिलेंच्या सार्वजनिक यादीत होता, आणि अमुक दिवशी अमुक आयपी रिले होता का, हे कोणालाही तपासून देणारी एक्झोनरेटर ही सेवा याच गरजेतून उभी राहिली आहे. लपवलेल्या एक्झिटच्या चालकाजवळ असा पुरावा नसताच.

देखरेखीची रीत त्याहून नाजूक आहे, कारण रिलेवर लक्ष ठेवणं आणि रिलेतून जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणं यांत अंतर थोडं आहे. २००७ साली डॅन एगरस्टाड या स्वीडिश तंत्रज्ञाने काही एक्झिट चालवून त्यांतून जाणारा उघडा मजकूर टिपला आणि दूतावासांच्या ई-मेल खात्यांचे पासवर्ड जाहीर केले. त्यांत भारतीय दूतावासही होते. एक्झिटवाल्याला विनागुप्तलेखन मजकूर वाचता येतो, हे त्याने सिद्ध केलं, पण विश्वास मोडून. तेव्हापासून संकेत पक्का आहे: यंत्राची प्रकृती बघायची, वाहत्या मजकुराकडे डोळा लावायचा नाही. निक्स हे टर्मिनलमधलं साधन बँडविड्थ, सीपीयू, मेमरी आणि टॉरच्या नोंदी दाखवतं. फायरवॉल किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये जोडण्यांचे आयपी साठू न देणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी. रिले कसा चाललाय हे प्रकल्पाच्या रिले सर्च पानावर कोणालाही दिसतं. नवा रिले पहिले दोनतीन दिवस जवळजवळ रिकामा असतो, मग त्याचा वेग बाहेरून मोजला जातो, पुढे पहिला थांबा म्हणून निवड झाली की काही आठवडे वाहतूक उलट घटते, आणि दोनेक महिन्यांनी ती स्थिरावते. हे ठाऊक नसलेले अनेक जण आपली बँडविड्थ लगेच पुरती का वापरली जात नाही, या बुचकळ्यात पडत. म्हणून २०१३ साली प्रकल्पाने हा जीवनक्रम सविस्तर लिहून काढला.

संपूर्ण जाळ्याची देखरेखही उघड नोंदींवरच चालते, आणि तिची मर्यादा २०१४ साली दिसली. ३० जानेवारीला सुमारे ११५ रिले मोजक्या आयपी पट्ट्यांतून जाळ्यात शिरले. पहिल्या थांब्यांच्या क्षमतेपैकी सुमारे ६.४ टक्के त्यांच्याकडे गेली आणि टॉरच्या आतच चालणाऱ्या लपलेल्या सेवा वापरणाऱ्यांची ओळख काढायचा त्यांनी प्रयत्न केला. ४ जुलैला ते काढून टाकले गेले. प्रकल्पाने स्वतःच कबूल केलं की हे रिले आले तेव्हाच स्वयंचलित तपासणीत दिसले होते, पण त्यांचं प्रमाण थोडं म्हणून सोडून दिले गेले. नोंदी होत्या, त्या वाचून निर्णय घेणारा माणूस कमी पडला. २०२०च्या मे महिन्यात तर एकाच हाताकडे एक्झिट क्षमतेचा जवळपास चौथा हिस्सा होता. तो वापरणाऱ्यांना एचटीटीपीएस या गुप्तलेखित जोडणीवरून साध्या जोडणीवर उतरवून बिटकॉइनचे पत्ते बदलत होता. आपले सगळे रिले एका कुटुंबात जाहीर करायचा नियम त्याने पाळला नव्हता, आणि ते स्वाभाविकच होतं.

म्हणजे उघडपणा प्रामाणिकांवरच ओझं टाकतो आणि लबाड त्यातून निसटतात, असा आक्षेप यातून निघतो. तो अर्धा खरा आहे. लबाडाला रोखायचं काम वेगळ्या साधनांनी करावं लागतं. २०२२च्या जुलैत टॉर ब्राउझरने ‘फक्त एचटीटीपीएस’ हेच मूळ धोरण केलं, तेव्हा त्या चोरीची वाट बरीचशी बंद झाली. पण प्रामाणिक चालकांनी आपापली कुटुंबं आणि संपर्क जाहीर केलेले असतात म्हणूनच अनोळखी झुंड उठून दिसते. दुसरा आक्षेप असा की रिलेंची सार्वजनिक यादी सरकारांना आयती मिळते. चीनने २००९ साली ती यादी घेऊन रिले अडवलेही. यावरचा उपाय म्हणजे यादीत नसलेले रिले, अर्थात ब्रिज, आणि जिथे नाव उघड करणं जिवावर बेतेल तिथल्या स्वयंसेवकाने ब्रिजच चालवावा हे योग्य आहे. गुन्हेगारही हे जाळं वापरतात, हा तिसरा आक्षेप कोणी नाकारत नाही. पण सिल्क रोड या अमली पदार्थांच्या छुप्या ऑनलाइन बाजाराचा चालक २०१३ साली पकडला गेला तो त्याच्या स्वतःच्या चुकांच्या मागावरून, रिलेवाल्यांकडून यादी मिळवून नव्हे.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी डेटा सेंटर, व्हीपीएस आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं आणि यंत्रांचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही व्हीपीएन कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. नावानिशी उभ्या राहणाऱ्या रिलेवाल्याला पहिल्या अटीची भीती बाळगायचं कारण नाही. दुसरी अट मात्र या रीतीच्या मुळावर येते, म्हणून पुण्या-मुंबईतून सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याने यंत्र लावण्याआधी वकिलाशी बोलावं. जगभरच्या चालकांमध्येही वाद सुरू आहे: संपर्काच्या ओळीत काहीही लिहून चालावं, की ती तपासता यावी? चालकाने आपल्या संकेतस्थळावर रिलेची किल्ली-खूण ठेवायची आणि रिलेने त्या संकेतस्थळाचं नाव सांगायचं, अशी परस्पर पडताळणीची एक पद्धत पुढे आली आहे. सरकारी ओळखपत्र मागण्यापेक्षा ती मला कितीतरी बरी वाटते. तिच्यात टोपणनावाने काम करणाऱ्यालाही जागा राहते, आणि यंत्रात काही खुपलं तर ज्याला कळवायचं त्याचा पत्ता खरा निघतो.