शिंगटीची गोष्ट: नवी प्रजाती 'सापडते' म्हणजे नेमकं काय होतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एक नवी प्रजाती सापडली होती. म्हणजे, तसं मला वाटलं होतं.

उजनीच्या काठावर, भिगवणला, पहाटे मासळी उतरते तिथे मी नमुने घ्यायला गेले होते. एका टोपलीत वीतभर लांबीचे, चंदेरी अंगाचे, लांबलचक मिशांचे मासे होते. पाठीवरच्या काट्याच्या बुडाशी काळा ठिपका आणि मागचा मांसल पर चांगला लांब. माझ्याजवळच्या पुस्तकात हा मासा 'मिस्टस कॅव्हेसियस' म्हणून दिलेला होता, पण पुस्तकातली मापं आणि टोपलीतला मासा काही केल्या जुळेनात. मी मासे विकणाऱ्या मावशींना म्हटलं, "मावशी, हा नवीनच मासा दिसतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नवीन कशाची गं? शिंगटी हाय ती."

दोन दिवसांनी मी फोटो, मापं असं सगळं घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी फोटो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "साइक्स वाचलास का?" नव्हता वाचला. सर पुढे काही बोलले नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

तर आधी साइक्स. विल्यम हेन्री साइक्स (१७९० ते १८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. पेशवाई बुडाली होती, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता आणि नव्याने हाती आलेल्या मुलखात काय काय आहे, याची मोजदाद कंपनीला हवी होती. १८२४ मध्ये साइक्सला या कामावर नेमलं. गावं, जमिनी, पिकं, बाजारभाव, पाऊसपाणी हे त्याचं सरकारी काम. पण हा माणूस ते करता करता दख्खनचे सस्तन प्राणी, पक्षी आणि मासेही टिपत गेला. १८३१ मध्ये तो भारतातून परत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे १८३८ च्या अखेरीस वाचला गेला आणि १८३९ मध्ये छापून आला. सविस्तर लेख चित्रांसह १८४१ मध्ये निघाला.

हा लेख मी पहिल्यांदा उघडला तेव्हा खरं सांगायचं तर हसू आलं. 'दख्खन'चं स्पेलिंग वाचताना ते 'दुखुन' होतं. पुण्याची नदी 'मोटा मोला' अशी येते. म्हणजे आपली मुळा-मुठाच! आणि मग माशांची नावं. सीन्गटी. सीन्घाला. गोग्रा. खुद्री. नुक्ता. लॅटिन नावांच्या रांगेत घाटावरचा आठवडी बाजार भरल्यासारखं वाटतं. नदीकाठच्या लोकांनी जे नाव सांगितलं, ते साइक्सने इंग्रजी कानाने ऐकलं आणि बरेचदा तसंच शास्त्रीय नावात बसवलं. शिंगटीचं 'सीन्गटी' झालं, शिंगाळ्याचं 'सीन्घाला'. दोन्ही नावं शिंगावरून आलेली आहेत. हा मासा हाताळताना ज्यांना काटा लागलाय, त्यांना नाव का पडलं हे समजवायला नको.

ही पद्धत काही त्याची स्वतःची नव्हती. त्याच्या आधी फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरचं त्याचं मोठं पुस्तक १८२२ मध्ये काढलं, त्यात बंगाली नावांची अशीच रेलचेल आहे. 'कॅव्हेसियस' हे नाव त्यातलंच. बंगालीत या माशाला आजही काबाशी टेंगरा म्हणतात.

आता इथे गोष्ट अडकते. हॅमिल्टनने नमुने जवळपास जपलेच नाहीत. त्याची चित्रंसुद्धा भारत सोडताना कलकत्त्यात ठेवून घेतली गेली. साइक्सच्याही बहुतेक माशांच्या मूळ नमुन्यांचा आज पत्ता नाही. म्हणजे आपल्या हातात उरतं काय? मोजक्या ओळींचं वर्णन, परांमधल्या काट्यांची संख्या, रंग, एखादं चित्र आणि गावाचं किंवा नदीचं नाव. आजच्या निबंधात एका नव्या प्रजातीला पंधरा-वीस पानं लागतात, तिथे साइक्सला एक परिच्छेद पुरत होता. त्याच्यावर रागवायचं कारण नाही. तेव्हा दुसरी जवळची प्रजाती असेल ही शक्यताच फारशी डोळ्यांपुढे नव्हती, त्यामुळे 'वेगळेपणा' दाखवायला किती लिहायला हवं याचा अंदाजही नव्हता. ज्या 'पिमेलोडस' या प्रजातीगणात त्याने शिंगटी टाकली, तो तर आज मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या माशांपुरता उरलाय.

पुढच्या तज्ज्ञांनी दख्खनची शिंगटी आणि गंगेचा काबाशी शेजारी ठेवून पाहिले आणि दोन्ही एकच ठरवले. दिसायला खरंच सारखे आहेत. आणि नियम असा की एकाच प्रजातीची दोन नावं निघाली तर आधीचं टिकतं. १८२२ आधी, १८३९ नंतर. सीन्गटी हे नाव कॅव्हेसियसच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं. म्हणजे सिंधूपासून म्यानमारच्या पलीकडेपर्यंत, हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात, एकमेकींना कुठेही न मिळणाऱ्या नद्यांमध्ये 'एकच' मासा! आज हे वाचताना खटकतं. गोड्या पाण्यातला मासा डोंगर ओलांडून जात नाही. पण सारखेपणा बघणाऱ्या डोळ्यांना सारखेपणाच दिसतो, त्यालाही इलाज नाही.

ही गाठ सुटली ती म्यानमारमध्ये. प्रोसांता चक्रवर्ती आणि हेओक ही एनजी या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचा निबंध २००५ मध्ये 'झूटॅक्सा'मध्ये आला. त्यांना म्यानमारच्या मिस्टसचं वर्णन करायचं होतं. तो मासा इतकी वर्षं कॅव्हेसियस म्हणूनच ओळखला जात होता. पण 'हा कॅव्हेसियस नाही' असं म्हणायचं, तर आधी कॅव्हेसियस म्हणजे नेमका कोण हे ठरवायला लागतं. ते ठरवायचं तर त्या नावाखाली कोणाकोणाला कोंबलंय ते बाहेर काढून बघायला लागतं. त्यांनी ते केलं. नव्या माशाला नाव दिलं 'मिस्टस फाल्केरियस' (लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ विळे करणारा), आणि त्याच निबंधात आपली सीन्गटी वेगळी, वैध प्रजाती म्हणून परत वर आली. साइक्सच्या लेखापासून मोजलं तर १६६ वर्षांनी.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा निबंध एकदा तरी वाचावा. नव्या माशाचं वर्णन त्यातला एक भाग आहे. बाकी मेहनत जुनी नावं सोडवण्याची आहे. वर्तमानपत्रात 'नवीन प्रजातीचा शोध' अशी बातमी येते तेव्हा डोळ्यांपुढे जंगल, नदी, जाळं, चिखल येतो. प्रत्यक्षात बराचसा वेळ संग्रहालयातल्या बाटल्या, व्हर्नियर कॅलिपर, मणके मोजायला काढलेले एक्स-रे आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे लेख यांत जातो. मासा हातात येणं ही सुरुवात असते.

आणि बाटल्यांवरून आठवलं म्हणून माझी फजिती सांगते. भिगवणहून आणलेले चौदा मासे मी व्यवस्थित फॉर्मेलिनमध्ये टाकले, मग धुऊन अल्कोहोलमध्ये ठेवले, आणि प्रत्येक बाटलीत चिठ्ठी घातली. बॉलपेनने लिहिलेली. तीन आठवड्यांनी बघते तर अल्कोहोल निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या. कोणता मासा भिगवणचा, कोणता त्याच आठवड्यात वरच्या भागातून आणलेला, काहीच सांगता येईना. मासे तसेच्या तसे होते, पण नमुने म्हणून त्यांची किंमत शून्य. (पेन्सिलने लिहायचं असतं, जाड कागदावर. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं.) साइक्सचे नमुने हरवले म्हणून आदल्याच महिन्यात मी केवढं नाक मुरडलं होतं!

नमुन्याला एवढं महत्त्व का, तर नाव हे वर्णनाला चिकटलेलं नसतं, एका विशिष्ट नमुन्याला चिकटलेलं असतं. तो होलोटाइप. उद्या वर्णनात चूक निघाली, तरी त्या बाटलीतला मासा ज्या प्रजातीचा, तिचंच ते नाव. गंमत म्हणजे हे सक्तीचं व्हायला फार वेळ लागला. प्राण्यांच्या नावांचा हिशोब लिनियसच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात, पण नवी प्रजाती जाहीर करताना तिचा नामधारक नमुना स्पष्ट सांगितलाच पाहिजे, हे बंधन १ जानेवारी २००० पासूनचं. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमाही करावे लागतात. तरीही जपणूक कधी पुरी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षेसाठी कलकत्त्याहून वाराणसीला हलवलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहाला १९४३ मध्ये वरुणा नदीच्या पुराने गाठलं. नदीतून काढलेले मासे परत नदीनेच नासवले, म्हणायला हरकत नाही.

सगळंच जुनं काम अर्धवट असतं असं मात्र नाही. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे मुंबई इलाख्याच्या मत्स्य खात्यातले शास्त्रज्ञ. त्यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका लहानशा मांजरमाशाचं वर्णन १९५२ मध्ये 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्यूझियम'मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यासाठी नवा प्रजातीगणच मांडला. नाव दिलं 'नियोट्रॉपियस खवलचोर'. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. कोळी त्याला खवलचोर म्हणायचे, तेच नाव शास्त्रात गेलं. मांजरमाशांच्या अंगावर खवले नसतात हे लक्षात घेतलं तर चोरीला आणखीच रंग चढतो. साइक्सने मराठी नावं टिपली, कुलकर्णींनी मात्र नावासोबत माशाची खोडही नोंदवली. प्रजातीगण आता बदललाय, आज त्याला 'पॅकिप्टेरस खवलचोर' म्हणतात, पण चोर कायम आहे. त्याच्या पचनमार्गावर आलेल्या अभ्यासात, खवले आणि इतर अन्न अशा दुहेरी खाण्याला त्याची आतड्यांची रचना कशी पुरी पडते हे दाखवलंय.

उलट दिशेचं उदाहरणही आपल्याच नदीतलं. १९९२ मध्ये उजनीतून 'ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस' या नव्या माशाचं वर्णन झालं. (हा मांजरमासा नाही, खवल्यांचा आहे.) २०११ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो साइक्सचाच 'व्हिगोर्साय' निघाला. नाव बाद झालं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, काम असंच पुढे सरकतं. पण माझ्या टोपलीतल्या 'नव्या' माशाबद्दल सरांनी तो प्रश्न का विचारला, हे मला इथे कळलं.

आता खरी काळजीची गोष्ट. मूळ नमुना हरवला असेल आणि नावाचा घोळ दुसऱ्या कशानेच सुटत नसेल, तर नवा नामधारक नमुना नेमता येतो. त्याला निओटाइप म्हणतात. अट अशी की तो शक्यतो मूळ जागेच्या जवळचा हवा. म्हणजे साइक्सने ज्या माशांची जागा 'पुण्याची मोटा मोला' अशी दिलीय, त्यांच्यासाठी मुळा-मुठेवर जायला हवं. संगम पुलावर उभं राहून खाली बघा आणि तुम्हीच सांगा, जाळं टाकणार का? पुण्याच्या माशांच्या याद्या फ्रेझरने १९४२ मध्ये, सुटरने १९४४ मध्ये, तोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये केल्या. २००३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात या जुन्या याद्यांशी ताडून पाहिलं, तर पूर्वी नोंदलेल्या कितीतरी प्रजाती परत सापडल्या नाहीत. माशाच्या नावाचा पुरावा आधी बाटलीत होता. बाटली गेली. मग तो नदीत होता.

माझं म्हणाल तर, पुढच्या हंगामात भिगवणला परत गेले. या वेळी साइक्सच्या लेखाची आणि २००५ च्या निबंधाची प्रिंट सोबत होती. बावीस मासे मोजले. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, मांसल पराची लांबी, मिशा. मापं सीन्गटीशी जुळली. मावशी बरोबर होत्या, आणि मी दोन वर्षांनी त्यांच्यापर्यंत पोचले होते.

त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? मी काय सांगत होते?" आणि दोन मासे फुकट दिले. ते मी खाल्ले नाहीत. दोन्ही बाटलीत आहेत; चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख, भिगवण, उजनी जलाशय, भीमा, आणि खाली स्थानिक नाव: शिंगटी.