कारळ्याचं बी आणि साहेबाची पाखरं

कारळे म्हटलं की आपल्याला आठवते ती चटणी. लसूण, लाल तिखट, मीठ आणि गरम भाकरी! पण हेच काळंभोर, तांदळाच्या कणीएवढं बी इंग्लंड-अमेरिकेत परसदारी टांगलेल्या नळ्यांमध्ये भरलेलं असतं. तिथल्या घरांशी कोणती पाखरं येतात, हे बदलण्यात त्याचा मोठा हात आहे.

पाखरांना घास घालणं आपल्याला नवं नाही. इंग्लंडात मात्र त्याचा घरोघरी छंद झाला तो 1890-91 च्या जीवघेण्या हिवाळ्यानंतर. तेव्हा वर्तमानपत्रांनीच लोकांना आवाहन केलं होतं की पाखरांना काहीतरी खायला घाला. 1910 साली 'पंच' साप्ताहिकाने तर हा राष्ट्रीय छंद असल्याचं जाहीर करून टाकलं. जर्मनीत बॅरन फॉन बर्लेप्श नावाचे एक गृहस्थ होते. ते वितळलेल्या चरबीत बिया कालवून तो रांधा झाडाच्या फांद्यांवर ओतायचे. (हौसेला मोल नाही!)

पण बहुतेक घरांतून पाखरांच्या वाट्याला यायचे ते पावाचे तुकडे आणि ताटातलं उरलंसुरलं. असं खाणार कोण? चिमण्या आणि स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद. 2019 साली ब्रिटनमधल्या अंगणांच्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1973 साली दाण्यावर येणाऱ्या पाखरांतली निम्मी या दोनच जातींची होती, असं त्यात दिसतं.

मग बदललं काय? एक म्हणजे भांडं. 1969 मध्ये पीटर किलहॅम या अमेरिकन माणसाने पारदर्शक नळीचा फीडर बनवला. उघड्या फळीवर दांडगी पाखरं आणि खारी सगळं फस्त करतात. नळीच्या बोटभर दांडीवर मात्र छोटं पाखरूच नीट बसू शकतं. दुसरं म्हणजे दाणा. शेंगदाणे, सूर्यफूल आणि आपलं कारळं. कारळ्याच्या नळीला भोकं नसतात, बारीक चिरा असतात. त्यातून बी ओढायला चिमट्यासारखी चोच लागते, आणि ती गोल्डफिंचकडे आहे. काटेरी झाडांच्या बोंडातलं बी टिपून खाणारं हे पाखरू. त्यामुळेच अमेरिकेत कारळ्याला काटेरी झाडाचं बी म्हणूनच विकत असत. खरं तर ते सूर्यफुलाच्या कुळातलं!

याच गोल्डफिंचला एकोणिसाव्या शतकात पिंजऱ्यात ठेवण्यासाठी हजारोंनी पकडत. मघाच्याच अभ्यासात 1972 साली ती 8 टक्के ठिकाणी दिसत होती, आणि 2012 साली 87 टक्के! सगळं श्रेय कारळ्याला देता येणार नाही, सोललेलं सूर्यफूलही तिला तितकंच आवडतं. पण पिंजऱ्याशिवाय पाखरू दारात येतं, हे मला फार मोठं वाटतं.

आता आपल्याकडची बाजू. नाशिक-नंदुरबारकडे, कोकणात, ओडिशा-मध्य प्रदेशच्या डोंगरउतारांवर हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर कारळं होतं. कुठे त्याला खुरासणी म्हणतात. ते पिकवणारे बरेचसे आदिवासी शेतकरी. त्यांच्या शेतातल्या बियांबरोबर अमरवेलीचं बी जाऊ नये म्हणून अमेरिकेने अट घातली: माल सुमारे 120 अंशांवर 15 मिनिटं तापवायचा. म्हणजे तिकडची पाखरं भाजलेलेच कारळे खातात, फक्त लसूण-तिखट तेवढं राहिलं! नावाचंही बारसं झालं. 'नायजर' हा उच्चार एका अपशब्दाजवळ जातो म्हणून 1998 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी 'नायजर'चंच वेगळं स्पेलिंग नोंदवून घेतलं. आपल्याकडे मात्र या पिकाखालची जमीन गेली काही दशकं घटतेच आहे.

आणि ही गोष्ट नुसती गोड नाही. 2005 पासून ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच पाखरांत घशाचा एक परजीवी रोग पसरला. गिळता येत नाही, पाखरू फुगून बसतं आणि मरतं. लाळ लागलेला दाणा आणि पाणी यांतून तो पसरतो, म्हणजे जिथे पाखरांची पंगत बसते तिथेच. 2021 साली ग्रीनफिंचचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. तेव्हा परदेशातल्या आपल्या मंडळींनो, नळी आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवा, अधूनमधून जागा बदला. आजारी पाखरू दिसलं तर नळी काही आठवडे सरळ उतरवून ठेवा. पाखरं उपाशी मरणार नाहीत.